एमआरआय नॉर्मल आला म्हणून घरी जाऊ नका: ऑटोइम्यून एन्सेफलायटिसच्या संशयात मेंदूच्या तपासण्या करून घेताना

"मॅडम, नॉर्मल आलाय ना? मग घरी नेतो तिला."

रिपोर्टच्या खिडकीपाशी उभे असलेले वडील एमआरआयची मोठी पिशवी छातीशी धरून विचारत होते. मुलगी एकोणीस वर्षांची. बारा दिवस झोप नाही, आधी नुसती बडबड, मग घरच्यांवरच संशय, मग एका पहाटे फिट. कुणी म्हणालं बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणालं परीक्षेचं टेन्शन. रिपोर्ट मीच लिहिला होता आणि तो चुकलेला नव्हता. चित्रात खरंच काही दिसत नव्हतं. मुलगी मात्र खरंच आजारी होती. न्यूरोलॉजीच्या डॉक्टरांनी थांबवून घेतलं म्हणून ती वॉर्डात राहिली, आणि काही दिवसांनी तिच्या पाठीतल्या पाण्यात एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या संदेश झेलणाऱ्या एका भागाविरुद्धच्या, अँटिबॉडी सापडल्या.

मी रेडिओलॉजिस्ट आहे. हा लेख त्या वडिलांसारख्यांसाठी आहे, ज्यांच्या घरात हा लांबलचक नावाचा आजार अचानक शिरलाय आणि ज्यांच्या हातात एकामागून एक तपासण्यांच्या चिठ्ठ्या पडतायत. कुठली तपासणी कशासाठी, तिच्याआधी काय करायचं, रिपोर्टमधल्या शब्दांचा अर्थ काय, एवढंच सांगते. औषधांचे निर्णय तुमचे डॉक्टर घेतील.

आधी आजार समजून घ्या, म्हणजे चित्र समजेल

एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला आलेली सूज. ती विषाणूमुळे येते, तशीच कधी कधी आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे येते. जंतूंशी लढायला तयार होणाऱ्या अँटिबॉडी चुकून मेंदूतल्या पेशींवर चालून जातात, तो ऑटोइम्यून प्रकार. त्यातला सगळ्यांत जास्त ओळखला जाणारा म्हणजे एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस. न्यूरोलॉजिस्ट जोसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००७ साली नेमका दाखवून दिला. त्याआधी अशा कित्येक मुली मनोरुग्ण ठरल्या असतील किंवा कारण न कळताच गेल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

या प्रकारात अँटिबॉडी पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतात आणि पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेते. पेशी मरत नाही, तिच्यावरचे रिसेप्टर तेवढे कमी होतात. विहिरीवरची मोटर धड आहे, पाइप धड आहे, फक्त स्टार्टरचं बटण कुणी काढून नेलंय, असं समजा. पाणी येत नाही, पण विहिरीचा फोटो काढला तर सगळं जागच्या जागी दिसतं. एमआरआय नॉर्मल येण्याचं मोठं कारण हेच. आणि पेशी जिवंत असतात म्हणूनच वेळेत उपचार मिळाले तर माणूस पुन्हा उभा राहतो.

पहिलं काम: तारखांची वही

स्कॅनला जाण्याआधी एका वहीत तारखा लिहून काढा. झोप कधी उडाली, विसरायला कधी लागले, पहिली फिट कधी आली, ताप होता का, आधीच्या महिन्या-दोन महिन्यांत मेंदूज्वर किंवा हर्पीस विषाणूचा आजार झाला होता का. २०१६ साली फ्रान्सेस्क ग्राउस आणि सहकाऱ्यांनी निदानाचे जे निकष मांडले, त्यांची सुरुवातच काळापासून होते: स्मरणशक्ती, शुद्ध किंवा वागणूक यांत तीन महिन्यांच्या आत झपाट्याने झालेला बिघाड. दोन वर्षांपासून हळूहळू विसरणारे आजोबा आणि तीन आठवड्यांत नातवाचं नाव विसरलेले आजोबा, या दोघांचं चित्र मी वेगळ्या नजरेने बघते.

मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. तोंडाच्या चघळल्यासारख्या किंवा जीभ बाहेर काढण्याच्या सततच्या हालचाली, एकाच जागी गोठून राहणं, हातांचे विचित्र चाळे. पन्नाशीपुढच्या माणसांत आणखी एक खूण असते, ती घरातल्यांनाच आधी दिसते: चेहऱ्याची एक बाजू आणि त्याच बाजूचा हात क्षणभर आखडतो, हातातला चहाचा कप सांडतो आणि लगेच सगळं पूर्ववत. असं दिवसातून कितीतरी वेळा होतं. हे याच आजाराच्या एलजीआय१ नावाच्या प्रकाराचं लक्षण असू शकतं. त्याच्या जोडीला बऱ्याचदा रक्तातलं सोडियम कमी असतं, तेव्हा तो रिपोर्टही पिशवीत ठेवा.

आणि डॉक्टरांना एक विनंती जरूर करा. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं "डोकेदुखी" किंवा "फिट" असं न लिहिता "ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचा संशय" असं लिहून द्यायला सांगा. त्या एका ओळीमुळे टेक्निशियन कुठले सिक्वेन्स, म्हणजे चित्रांचे प्रकार, घेतो आणि मी कुठे दोनदा बघते, हे ठरतं.

सीटी स्कॅन

तातडीच्या विभागात आधी सीटी होतो. पाच-दहा मिनिटांचं काम. रक्तस्राव, मोठी गाठ, मेंदूवरचा वाढलेला दाब आहे का हे बघायला आणि पाठीतलं पाणी काढणं सुरक्षित आहे का हे ठरवायला तो लागतो. या आजारात सीटी बहुतेक वेळा साफ असतो. "सीटीत काही नाही" या वाक्यावर कुणीच घरी जाऊ नये.

एमआरआय: आत जाण्याआधी

हे यंत्र म्हणजे अतिशय ताकदीचं चुंबक. ते दिवसरात्र चालू असतं, स्कॅन नसतानाही. म्हणून दारातच सगळं धातूचं उतरवायचं. आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळ इथेच जातो, म्हणून घरूनच तयारी करून या. मंगळसूत्र, जोडवी, चमकी, पैंजण, केसांतल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, कमरेचा चांदीचा करगोटा, दंडाचा किंवा गळ्यातला ताईत. जरीच्या साडीतही धातू असतो, तेव्हा दवाखान्याचा गाऊन घालावा लागतो. मंगळसूत्र काढताना कित्येक बायकांचे डोळे भरून येतात. आमच्या एका सिस्टर अशा वेळी ते घरच्याच माणसाच्या ओंजळीत देतात आणि म्हणतात, "काकू, अर्ध्या तासाची गोष्ट आहे, बाहेर आलात की यांच्याच हातून घालून घ्या." तुमच्या माणसाला घरीच शांतपणे समजावून सांगितलंत तर हा प्रसंग सोपा होतो.

अंगाच्या आतल्या धातूबद्दल मात्र काहीही लपवू नका. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लियर इम्प्लांट, हाडातली सळई किंवा प्लेट, कॉपर-टी, सगळं सांगा. यातल्या बऱ्याच गोष्टींना हरकत नसते, पण ते आम्ही ठरवायचं. वेल्डिंग किंवा लेथवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हे आवर्जून आठवा. शक्यतो आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत आणा.

स्कॅनला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. आत ठकठक असा मोठा आवाज येतो, कानात बोळे किंवा हेडफोन देतात. मुख्य अडचण असते ती स्थिर पडून राहण्याची. या आजारातला रुग्ण गोंधळलेला, घाबरलेला, कधी हातापायाला बांधावं लागेल इतका अस्वस्थ असतो. डोकं हललं की चित्र पुसट होतं, आणि पुसट चित्रात हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागाचा, बारीक बदल हमखास सुटतो. म्हणून भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध देऊन स्कॅन करायला सांगितलं तर घाबरू नका. त्यासाठी साधारण सहा तास पोटात अन्न नको. नुसत्या पाण्याला किती वेळ आधीपर्यंत परवानगी आहे, ते विचारून घ्या. पहिला स्कॅन हलल्यामुळे वाया गेला असेल तर "पुन्हा करावा लागेल" असं म्हणणाऱ्यावर रागावू नका. अर्धवट चित्रावर लिहिलेला रिपोर्ट जास्त महागात पडतो.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं गॅडोलिनियमचं इंजेक्शन, या आजारात बहुधा लागतं. त्याआधी किडनीची, म्हणजे क्रिएटिनिनची तपासणी झालेली असावी. गरोदरपणाची शक्यता असेल तर सांगा.

रिपोर्ट हातात आला

सगळ्यांत आधी फिल्म कशी धरायची ते. चित्राच्या कडेला आर किंवा एल असं इंग्रजी अक्षर असतं. फिल्मवर रुग्ण आपल्यासमोर, आपल्याकडे पाय करून झोपलाय असं धरलेलं असतं, म्हणून रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला दिसते. नातेवाईक ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून बाजू उलटी वाचतात आणि रात्रभर काळजी करत बसतात.

मग शब्द. फ्लेअर हा या आजारातला सगळ्यांत महत्त्वाचा सिक्वेन्स. टी२ चित्रात पाणी पांढरं दिसतं, मेंदूभोवतीचं नेहमीचं पाणीही आणि सुजेचं पाणीही. फ्लेअरमध्ये नेहमीचं पाणी काळं करून टाकतात, त्यामुळे सूज तेवढी पांढरी उठून दिसते. "हायपरइन्टेन्स" म्हणजे अपेक्षेपेक्षा पांढरं, एवढाच त्याचा अर्थ. तो आजाराचा आकडा नव्हे.

"मिडियल टेम्पोरल लोब", "हिप्पोकॅम्पस", "अमिग्डाला" हे शब्द आले तर लक्ष द्या. कानाच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या तळाशी हा भाग असतो. हिप्पोकॅम्पस समुद्रघोड्यासारखा वळलेला, अमिग्डाला बदामाएवढी आणि बदामाच्याच आकाराची. नव्या आठवणी आणि भीती यांचं हे घर. समोरून कापलेल्या, म्हणजे कोरोनल, फ्लेअर चित्रात दोन्ही बाजूंचे समुद्रघोडे शेजारी शेजारी दिसतात आणि तुलना करता येते. दोन्ही फुगीर आणि पांढरे, बाकी मेंदू साफ, असं चित्र असेल तर त्याला लिम्बिक एन्सेफलायटिस म्हणतात. इथे चित्राचं वजन फार मोठं आहे. दोन्ही बाजूंचा असा बदल, योग्य लक्षणं, पाठीच्या पाण्यात वाढलेल्या पेशी किंवा ईईजीतला, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखातला, टेम्पोरल भागाचा बिघाड, आणि दुसरं कारण नाही याची खात्री, एवढं जुळलं तर २०१६ च्या निकषांप्रमाणे अँटिबॉडीचा रिपोर्ट नसतानाही निदान पक्कं धरता येतं. बदल एकाच बाजूला असेल तर अँटिबॉडीचा पुरावा लागतो, कारण फिट, हर्पीस किंवा हळू वाढणारी गाठही तसंच चित्र देऊ शकते.

"डिफ्युजन रिस्ट्रिक्शन" म्हणजे पेशींमधल्या पाण्याची हालचाल अडकली आहे. पक्षाघातात हे दिसतं, हर्पीसमध्ये दिसतं, आणि लांबलेल्या फिटनंतर काही दिवसांपुरतंही दिसतं. "एन्हान्समेंट" म्हणजे कॉन्ट्रास्ट रक्तवाहिनीतून मेंदूत झिरपला. "ॲट्रोफी" म्हणजे तो भाग आक्रसला आहे. "नॉनस्पेसिफिक" हा शब्द वाचून लोक निराश होतात. त्याचा अर्थ इतकाच की चित्र एकट्याच्या बळावर नाव सांगू शकत नाही. अशा वेळी बोलायचं असतं ते वहीतल्या तारखांनी.

नॉर्मल रिपोर्ट

इथे जरा थांबते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं.

२०१३ साली एनएमडीए प्रकारच्या ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या साधारण एकतृतीयांश लोकांच्याच एमआरआयमध्ये बदल होता. म्हणजे दर तिघांपैकी दोघांचं चित्र नॉर्मल. त्याच रुग्णांत ईईजी मात्र दहातल्या नऊ जणांचा बिघडलेला होता आणि पाठीतल्या पाण्यात दहातल्या साधारण आठ जणांत काही ना काही सापडलं. एलजीआय१ प्रकारात उलट, बहुसंख्य रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये कधी ना कधी बदल दिसतो. तेव्हा "नॉर्मल" या शब्दाची किंमत कुठल्या प्रकाराचा संशय आहे त्यावर ठरते.

नॉर्मल रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ईईजी झाला का? पाठीतलं पाणी तपासलं का? अँटिबॉडीसाठी रक्त आणि पाठीतलं पाणी दोन्ही पाठवलं का? नुसतं रक्त पुरत नाही. एनएमडीए प्रकारात रक्त निगेटिव्ह आणि पाठीतलं पाणी पॉझिटिव्ह असं होतं. आयव्हीआयजी (शिरेतून दिल्या जाणाऱ्या अँटिबॉडींचं औषध) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचे उपचार सुरू होण्याआधी हे नमुने घेतलेले बरे. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो" ही भीती मी रोज ऐकते. सुई कमरेत, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. भीतीपोटी नाही म्हणू नका, ही तपासणी कधी कधी चित्रापेक्षा जास्त सांगते.

अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला दिवस लागतात. लक्षणं आणि बाकी तपासण्या जुळत असतील तर डॉक्टर त्याची वाट न बघता उपचार सुरू करतात. त्यांना "आधी रिपोर्ट येऊ द्या" असं म्हणून अडवू नका. त्या ५७७ जणांपैकी ज्यांची दोन वर्षांनंतरची माहिती मिळाली, त्यांतले ८१ टक्के चांगले सावरले होते, आणि लवकर उपचार मिळालेल्यांचं पुढे बरं चाललं.

चित्र आणखी एक काम करतं: दुसरे आजार वेगळे काढणं

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. हर्पीस एन्सेफलायटिस सहसा एका बाजूला जास्त असतो, टेम्पोरल लोबमधून त्याच्या शेजारच्या इन्सुलाकडे आणि मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाकडे पसरतो, त्यात बारीक रक्तस्राव दिसू शकतो. त्याचा नुसता संशय असला तरी असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध लगेच सुरू करतात. जपानी मेंदूज्वरात बऱ्याचदा मेंदूच्या मधला थॅलॅमस दोन्ही बाजूंनी पांढरा दिसतो. विदर्भात पावसाळ्यात तापासकट झटके आलेल्या मुलाला बघताना चांदीपुराचाही विचार करावा लागतो. १९६५ साली हा विषाणू नागपूर जिल्ह्यातल्या ज्या गावात सापडला, त्याचंच नाव त्याला मिळालं. टीबीच्या मेंदूज्वरात कॉन्ट्रास्ट दिल्यावर मेंदूच्या तळाशी जाडसर थर उजळतो आणि आतल्या पोकळ्या पाण्याने फुगतात. म्हणून "आधीच एक एमआरआय झालाय, कॉन्ट्रास्ट कशाला" असा आग्रह धरू नका.

आणखी एक. हर्पीसमधून सावरत असलेला माणूस काही आठवड्यांनी पुन्हा बिघडला, मुलाच्या हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या, तर तो दर वेळी हर्पीसच परतलेला नसतो. हर्पीसनंतर काहींच्या शरीरात एनएमडीएच्याच अँटिबॉडी तयार होतात. लगेच परत या.

पेट स्कॅन, लागला तर

एमआरआय शरीराची रचना दाखवतो, पेट पेशींचं काम दाखवतो. फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू लावलेली साखर टोचतात आणि मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो ते बघतात. एनएमडीए प्रकारात मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग मंद पडलेला दिसतो. एलजीआय१ मध्ये हिप्पोकॅम्पस आणि बेसल गँग्लिया (मेंदूतले हालचाली सांभाळणारे खोल भाग) जास्त उजळतात, कधी एमआरआय नॉर्मल असतानाही.

या फ्लोरिनचं अर्धं आयुष्य ११० मिनिटांचं, म्हणजे तेवढ्या वेळात ते निम्मंच उरतं. उशिरा पोचलात तर डोस वाया जातो. दिलेली वेळ पाळाच. चार ते सहा तास उपास, मधुमेह असेल तर आधीच सांगायचं, कारण साखर वाढलेली असली की चित्र बिघडतं. इंजेक्शननंतर अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहायचं: मोबाइल नको, गप्पा नकोत. त्या दिवशी फिट आली असेल किंवा झोपेचं औषध दिलं असेल तर टेक्निशियनला सांगा, कारण दोन्हींमुळे चित्र बदलतं. खर्च मोठा आहे. मेंदू आणि पूर्ण शरीर एकाच वेळी होईल का, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काही मिळेल का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा.

मेंदूबाहेरचा शोध

"डोक्याचा आजार आणि पोटाची सोनोग्राफी कशाला?" हा प्रश्न मला नेहमी येतो. एनएमडीएच्या ५७७ रुग्णांच्या त्या मोठ्या अभ्यासात सुमारे ३८ टक्के रुग्णांच्या शरीरात कुठे तरी गाठ होती. बहुतेक सगळ्या मुली आणि बायका, आणि बहुतेक गाठी अंडाशयातल्या टेराटोमा प्रकारच्या. या गाठीत केस, दात, चरबी आणि कधी मेंदूचेच ऊतक असते. त्या ऊतकावर चिडलेली प्रतिकारशक्ती मग डोक्यातल्या मेंदूवरही जाते. गाठ काढणं हा उपचाराचाच भाग आहे.

सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन, लघवी धरून या. पोटावरून नीट दिसलं नाही तर ओटीपोटाचा एमआरआय करायला हरकत घेऊ नका. परिपक्व टेराटोमा पेट स्कॅनमध्ये उजळेलच असं नाही, तेव्हा पेट साफ आहे म्हणून हा शोध सोडायचा नाही. लग्न व्हायचंय म्हणून आया घाबरतात. शक्य तिथे डॉक्टर अंडाशय वाचवूनच गाठ काढतात, हे त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. पुरुषांत वृषणाची सोनोग्राफी आणि छातीचा सीटी लागू शकतो.

सगळं जपून ठेवा

पुन्हा एमआरआय सांगितला तर तो पैशासाठी सांगितला असं धरू नका. पहिल्या आठवड्यात नसलेला बदल काही आठवड्यांनी दिसू शकतो, फिटमुळे आलेला बदल तेवढ्यात विरून जातो, आणि पुढे काही महिन्यांनी हिप्पोकॅम्पस आक्रसला आहे का हेही बघावं लागतं. तुलना करायला जुनं चित्र लागतं. नुसती फिल्म घेऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डिजिटल फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून मला समुद्रघोडा दिसत नाही, आणि मग दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला मी काहीच सांगू शकत नाही. सीडीवर नाव, तारीख आणि कॉन्ट्रास्ट दिला होता की नाही, एवढं पेनाने लिहा आणि ती तारखांच्या वहीत चिकटवा. पुढच्या भेटीला वही, सीडी आणि जुना रिपोर्ट तिन्ही सोबत आणा. गाठ सापडली नसेल तरी सोनोग्राफी पुन्हा कधी करायची, ती तारीख दवाखान्यातून निघण्याआधीच लिहून घ्या.